चढाईचं हलकं आणि सोयीचं हेल्मेट: बडोदेकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी झाली, उकाडा ओसरला की पावागढच्या कातळावर जायचे बेत शिजायला लागतात, आणि त्याच सुमारास माझा फोन वाजायला लागतो. हार्नेस (दोर अडकवायचा कमरेचा पट्टा) कुठला, बूट कुठले हे मंडळी आपापसांत ठरवतात. हेल्मेटचं मात्र "काका, तुम्हीच सांगा." तीच उत्तरं दांडिया बाजारातल्या आमच्या ओट्यावर बसून इतक्यांदा दिली की शेवटी लिहूनच काढली. क्रमाला काही अर्थ नाही, आठवत गेले तसे प्रश्न घेतलेत.

पावागढ काही हिमालय नाही. तिथे हेल्मेट लागतंच का?

डोंगर किती उंच आहे ते सोडा, तुमच्या डोक्यावर किती कातळ आहे ते बघा. भाजीवाल्याच्या तराजूतलं अर्ध्या किलोचं वजन डोळ्यांसमोर आणा. तेवढा दगड २० मीटरवरून, म्हणजे साधारण सहा-सात मजल्यांवरून सुटला, तर खाली येईपर्यंत त्याने ताशी ७० किलोमीटरचा वेग घेतलेला असतो. आणि दगड कुणी मुद्दाम टाकावा लागत नाही. वरच्याचा पाय, घासत गेलेला दोर, वानरांची टोळी, काहीही पुरतं. पावागढला तर पायऱ्यांवरून जाणाऱ्या भाविकाने भिरकावलेली अर्धी भरलेली पाण्याची बाटलीसुद्धा. पावसाळ्यानंतरचे पहिले दोन महिने विशेष वाईट, कारण माती धुऊन गेलेली असते आणि दगड नुसते टेकून बसलेले असतात.

आपल्यातले बरेच जण पुढे सापुताऱ्याहून बागलाणात उतरतात, साल्हेर-मुल्हेर करतात. साल्हेर १५६७ मीटर, महाराष्ट्रात कळसूबाईच्या खालोखाल. तिथला कातळ थराथरांचा. दोन कठीण थरांमध्ये मऊ, लालसर थर असतो. तो झिजला की वरचा थर दगड सोडायला लागतो. त्या घसाऱ्यावर बोडक्या डोक्याने चालणाऱ्यांची मला धास्ती वाटते.

दुसरं कारण लोक विसरतात. दगड पडलाच नाही तरी तुम्ही पडू शकता. पुढे चढणाऱ्याच्या पायामागे दोर अडकलेला असला तर पडताना माणूस उलटा होतो आणि डोक्याचा मागचा भाग कातळावर आदळतो. तेव्हा हेल्मेट फक्त टाळूपुरतं असून भागत नाही. हा मुद्दा खाली पुन्हा येईल.

स्कूटरचं हेल्मेट आहेच घरात. तेच चालणार नाही का?

नाही. ते रस्त्यावर आदळण्यासाठी बनवलेलं असतं, वजन किलोच्या आसपास, आणि कान झाकलेले. वरून कुणी "पथ्थर!" ओरडला तर ऐकूच येत नाही. बिले देणाऱ्याला, म्हणजे खाली उभं राहून चढणाऱ्याचा दोर सांभाळणाऱ्याला, तासन्‌तास मान वर करून बघावं लागतं, त्या मानेवर किलोभर ओझं ठेवून बघा म्हणजे कळेल. एकदा एक पोरगा खरंच ते घालून आला होता. अर्ध्या तासात काच वर, मग हेल्मेट मांडीवर, मग कातळाच्या कडेला.

मग सायकलचं? किंवा बांधकामावरचं पिवळं?

दोन्ही दिसायला जवळची, कामाला वेगळी. सायकलचं हेल्मेट, ज्यावर ईएन १०७८ लिहिलेलं असतं (ईएन म्हणजे युरोपीय मानक), ते सायकलवरून पडल्यावर डोकं जमिनीवर आपटेल या हिशेबाने तपासतात. वरून येणारा टोकदार दगड त्याच्या परीक्षेतच नसतो, आणि हवेसाठी ठेवलेल्या लांबट फटींमधून तो सरळ आत येऊ शकतो.

बांधकामाच्या हेल्मेटचा घोटाळा पट्ट्यात आहे. ईएन ३९७ या मानकात हनुवटीचा पट्टा १५० ते २५० न्यूटनच्या ओढीला सुटलाच पाहिजे, म्हणजे ढोबळमानाने १५ ते २५ किलोच्या ओझ्याला. कामगाराचं हेल्मेट कशात अडकलं तर गळफास बसू नये, म्हणून. चढाईच्या हेल्मेटचा पट्टा नेमका उलटा: ५०० न्यूटनलाही धरून राहिला पाहिजे, कारण पडता पडता हेल्मेट उडून गेलं तर ते घालून उपयोग काय? (म्हणूनच चढाईचं हेल्मेट घालून मुलांना घसरगुंडीवर, झोपाळ्यावर खेळायला सोडू नका. तिथे हाच घट्ट पट्टा धोक्याचा.)

लेबलवर नेमकं काय शोधायचं?

ईएन १२४९२. हा आकडा आतल्या बाजूला छापलेला किंवा कोरलेला असतो. सोबत यूआयएए १०६ असेल तर आणखी चांगलं. यूआयएए ही गिर्यारोहण संघटनांची आंतरराष्ट्रीय संस्था, १९३२ साली शामोनीला स्थापन झालेली. दोन्हींची तपासणी जवळपास सारखी. पाच किलोचं वजन दोन मीटरवरून हेल्मेटवर सोडतात आणि खाली ठेवलेल्या कृत्रिम डोक्यापर्यंत किती जोर पोचला ते मोजतात. ईएनला १० किलोन्यूटनपर्यंत चालतं, यूआयएए ८ च्या वर जाऊ देत नाही. पुढून, बाजूने आणि मागूनही मारून बघतात, पण अर्ध्याच मीटरवरून. शिवाय तीन किलोची टोकदार पहार एक मीटरवरून सोडून ती आत घुसते का तेही बघतात.

वरचा अर्ध्या किलोचा दगड आठवा. त्याची २० मीटरवरची ताकद आणि या तपासणीतल्या पाच किलोंची दोन मीटरवरची ताकद सारखीच, सुमारे ९८ ज्यूल. म्हणजे परीक्षा काही पुस्तकी नाही. पण नारळाएवढा धोंडा आला तर कुठलंही लेबल तुम्हाला वाचवणार नाही, हेही त्यातूनच कळतं.

एकदा मी स्वतः फसलोय. फोटोत झकास दिसणारं, "क्लाइंबिंग" असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं हेल्मेट स्वस्तात मागवलं. आत मानकाचा आकडाच नव्हता. दुसऱ्या रविवारी बकल हातात आलं.

हलकं म्हणजे किती ग्रॅम?

ढोबळ तीन जाती आहेत.

पहिली कडक कवचाची. बाहेर जाड एबीएस प्लास्टिक, आत टाळूवर फोमचा तुकडा किंवा नुसत्या पट्ट्यांची जाळी. ३०० ते ४०० ग्रॅम. ब्लॅक डायमंडचं हाफ डोम सव्वातीनशेच्या आसपास, पेट्झलचं बोरेओ ३०० च्या आत-बाहेर, तेही जरा जास्त फोमचं. रांगडी, टिकाऊ, त्यातल्या त्यात स्वस्त.

दुसरी साच्यात एकजीव केलेली: पातळ पॉलिकार्बोनेटचं साल आणि आत ईपीएस, म्हणजे आपला थर्माकोलच, फक्त जास्त दाट. २०० ते २५० ग्रॅम. पेट्झलचं मीटिऑर या जातीतलं.

तिसरी जवळजवळ सगळी ईपीपी फोमची. मोटारीच्या बंपरमध्ये असतो त्या जातीचा हा फोम, दाबला की परत फुलतो. पेट्झलचं सिरोको १७० ग्रॅमच्या आसपास. हातात घेतलं की लोक हमखास विचारतात, "हे खरंच हेल्मेट आहे?"

मग सगळ्यात हलकंच घेऊन टाकू?

हा प्रश्न आला की मी आमचा पितळी डबा दाखवतो. माझं पहिलं हेल्मेट जवळपास अर्ध्या किलोचं, उधारीवर आलेलं, आत कातडी पट्टा. मान अवघडायची, कपाळावर लाल वळ उठायचे. साहजिकच संधी मिळाली की मी ते काढायचो. अशाच एका दुपारी कातळाच्या पायथ्याशी बसून डबा उघडला, हेल्मेट सॅकला लटकवलेलं. वरून लिंबाएवढा दगड आला आणि माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर डब्याच्या झाकणावर बसला. झाकणाला खोल पोचा. तो डबा अजून घरात आहे, बायको त्यात मेथी दाणे ठेवते.

तेव्हापासून माझा हिशेब सरळ आहे. जे हेल्मेट तुम्ही जेवतानाही काढणार नाही, ते तुमच्यासाठी हलकं. काट्यावर ते ३०० ग्रॅम भरो की २००.

आणि या हिशेबाने सगळ्यात हलकं नेहमी जिंकतं असं नाही. आपण बडोद्याची माणसं कातळापर्यंत कशी पोचतो? रात्रीच्या बसने, सॅक डिकीत, तिच्यावर दुसऱ्याच्या तीन सॅक आणि एखादी पापड-चिवड्याची पेटी. ईपीएसला असा दाब सोसत नाही. थर्माकोल एकदा चेपला की चेपला, आणि पातळ सालीला तडा गेला तर तो घामाच्या पट्टीखाली लपून राहतो. महिन्यातून एखाद-दुसरा रविवार पावागढ आणि वर्षातून दोन-तीनदा सह्याद्री असा ज्याचा शिरस्ता आहे, त्याने माझ्या मते ३०० ग्रॅमच्या आसपासचं, टाळूसोबत बाजूलाही फोम असलेलं मिश्र जातीचं हेल्मेट घ्यावं. दोनशेवालं त्याने घ्यावं ज्याला लांबलचक, अनेक टप्प्यांच्या चढाया करायच्या आहेत आणि जो सामान जपून नेतो. १०० ग्रॅमचा फरक म्हणजे एक केळं. सकाळी तो जाणवतही नाही. संध्याकाळी चार वाजता, मान वर करून बिले देताना, जाणवतो.

बाजूचा आणि मागचा फोम आहे की नाही हे कसं कळणार?

हेल्मेट उलटं करा आणि आत बघा. फोम फक्त टाळूवर वाटीसारखा असेल आणि कडेला नुसतं प्लास्टिक, तर ते वरून पडणाऱ्या दगडासाठी चांगलं, उलटं पडण्यासाठी बेताचं. अशा हेल्मेटवर आणि कडेलाही फोम असलेल्यावर, दोन्हींवर लेबल तेच असू शकतं. म्हणून डोळ्यांनी बघा, बोट लावून बघा.

डोक्याचं माप कसं घ्यायचं?

शिंप्याची टेप घ्या, भुवयांच्या वर दोन बोटं, कानांच्या वरून, मागे डोक्याचा सगळ्यात फुगीर भाग येईल तिथून फिरवा. तीनदा मोजा, सर्वांत मोठा आकडा धरा. टेप नसेल तर मांज्याचा दोरा नको (उत्तरायणानंतर एकाने खरंच तो वापरला, कपाळाला कापलं), साधी सुतळी चालेल. बहुतेक कंपन्या दोन मापं देतात आणि त्यांत मधला बराच पट्टा सामाईक असतो. बोरेओचं लहान ४८ ते ५८ सेंटिमीटर, मोठं ५३ ते ६१. तुमचं ५६ असेल तर दोन्ही बसतील, दोन्ही घालून बघा. मी अशा वेळी लहान सुचवतो. मागचं चाक शेवटपर्यंत आवळून बसवलेलं मोठं हेल्मेट डोक्यावर पातेल्यासारखं डुलतं.

डोक्यावर नीट बसलं आहे, हे कसं ओळखायचं?

इथे घाई करू नका. आकडे, ग्रॅम, रंग या सगळ्यांपेक्षा ही पाच मिनिटं महत्त्वाची.

पट्टा न लावता हेल्मेट घाला, मागचं चाक किंवा सरकपट्टी हलकेच आवळा आणि खाली वाकून डोकं हलवा. पडलं नाही पाहिजे. मग पट्टा लावून कवच हाताने डावी-उजवीकडे फिरवा. कपाळाची कातडी सोबत हलली पाहिजे. कातडी जागेवर आणि हेल्मेटच फिरतंय, तर सैल आहे.

पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटं. पोरं ते मागे ढकलून घालतात, फोटोत चेहरा दिसावा म्हणून, आणि नेमकं कपाळ उघडं पडतं. आरशासमोर उभं राहून डोळे वर करा, कड जेमतेम दिसली पाहिजे.

मागचा पाळणा, म्हणजे चाकासोबतची ती पट्टी, डोक्यामागच्या उंचवट्याच्या खाली, मानेच्या खळगीच्या वर बसायला हवी. उंचवट्यावर बसली की हेल्मेट पुढे घसरतं. काही हेल्मेटांत हा पाळणा वर-खाली सरकवता येतो, ते जरूर बघा.

बाजूच्या दोन पट्ट्यांचा जोड कानाच्या पाळीच्या लगेच खाली यावा आणि पट्टा कानावर घासू नये. हनुवटीखाली एक बोट जाईल इतकी जागा. मोठी जांभई द्या. हेल्मेट टाळूवर किंचित दाबलं गेलं तर पट्टा बरोबर आहे.

शेवटी ते घालून घरात वीस मिनिटं वावरा. चहा करा, पेपर वाचा. दुकानात दोन मिनिटं सगळीच छान वाटतात.

माप बरोबर आहे, तरी कपाळ ठणकतं. का?

घेर तोच असला तरी आकार वेगळा असतो. कुणाचं डोकं वरून गोल, कुणाचं पुढे-मागे लांबट. लांबट डोक्यावर गोल हेल्मेट घातलं की कपाळ आणि मागचा भाग दाबला जातो आणि कानांवर फट राहते. आतल्या गाद्या काढून-घालून थोडं जमतं, पण मूळ आकारच जुळत नसेल तर कंपनी बदला. आवळून-सैल करून ते कधी बरं होत नाही.

बडोद्याच्या उन्हात घामाचं काय?

भोकं जितकी जास्त तितकी हवा जास्त, हे खरं. पण भोकं टाळूवर आहेत की मागेही, हेही बघा. वारा पुढून शिरून मागून निघाला तर गारवा. पट्ट्यांच्या जाळीवर बसणारी जुन्या धाटणीची हेल्मेटं वजनाने जड असली तरी डोकं आणि कवच यांत पोकळी असल्याने खेळती राहतात, हे त्यांचं कौतुक करायलाच हवं. रंग पांढरा, पिवळा, नारिंगी घ्या. काळं उन्हात तापतं आणि झाडीत माणूस दिसतही नाही.

कपाळाची गादी सुटी निघणारी असावी. दर दोन-तीन फेऱ्यांनंतर साध्या साबणाने कोमट पाण्यात धुवा, सावलीत वाळवा. डोक्याला तेल चोपडून चढायला येणाऱ्यांना विनंती: तेलकट गादी घाम टिपत नाही, तो सरळ डोळ्यांत येतो. आणि एप्रिल-मेमध्ये पावागढचा कातळ दहाच्या आत सोडा. ४२ अंशांत कुठलंच हेल्मेट सोयीचं नसतं.

लांब केस आहेत. वेणी कुठे जाणार?

अंबाडा आणि उंच पोनी दोन्ही नकोत, हेल्मेट वर उचललं जातं. मानेजवळ खाली बांधलेली एक वेणी, नाही तर दोन वेण्या. मागच्या पाळण्यात केसांसाठी जागा सोडलेली हेल्मेटंही मिळतात. केसांत चाप किंवा मोठी क्लिप अजिबात ठेवू नका. दगड हेल्मेटवर बसेल, क्लिप टाळूत.

मुलगी नऊ वर्षांची आहे. वाढत्या अंगाचं घेऊ का?

फ्रॉक घ्या वाढत्या अंगाचा. हेल्मेट आजच्या डोक्याचं. ४८ सेंटिमीटरपासून सुरू होणारी मापं मिळतात, आणि मुलांचं डोकं अंगाच्या मानाने सावकाश वाढतं, त्यामुळे योग्य मापाचंही काही वर्षं पुरतं.

चष्मा आणि हेडटॉर्च?

चष्म्याच्या काड्या बाजूच्या पट्ट्यांच्या आतून गेल्या की हेल्मेट काढताना चष्मा जागेवर राहतो. घालून बघायला जाल तेव्हा चष्मा लावूनच जा. हेडटॉर्चचा पट्टा अडकवायला बाहेरून चार हुक असतात. काहींना मागे लवचीक दोरी. साल्हेरला पहाटे अंधारात निघालात की त्यांची किंमत कळते.

मिप्स लिहिलेलं घ्यावं का?

तिरक्या माराने डोक्याला बसणारा पीळ कमी करायची ती व्यवस्था. परवडत असेल आणि डोक्यावर नीट बसत असेल तर घ्या. त्यासाठी बसणं-मापाशी तडजोड मात्र नको.

राजमुद्रेचा स्टिकर लावला तर?

भावना समजते. पण डिंकातली आणि मार्करच्या शाईतली द्रावणं काही प्लास्टिकांना कमजोर करतात, आणि स्टिकरखाली तडा लपतो. सोबतच्या पत्रकात परवानगी असेल तरच लावा. नाव पट्ट्यावर लिहा. राजमुद्रा सॅकवर शोभते.

हेल्मेट किती वर्षं टिकतं?

प्लास्टिकच्या हेल्मेटांना बहुतेक नामांकित कंपन्या बनवल्याच्या तारखेपासून जास्तीत जास्त १० वर्षं देतात. तारीख आत छापलेली असते. पण जोराचा एक मार बसला तर पहिल्याच दिवशी आयुष्य संपलं, बाहेरून ओरखडा नसला तरी. ऊन, घाम, गाडीची तापलेली डिकी यांनीही ते लवकर म्हातारं होतं. मे महिन्यात बंद मोटारीच्या मागच्या काचेखाली हेल्मेट ठेवणारे लोक मी पाहिलेत.

रद्द केलेलं हेल्मेट फेकण्याआधी पट्टे कापून टाका, नाही तर कुणीतरी उचलून घालतो.

मित्राचं जुनं मिळतंय, अगदी नव्यासारखं.

सख्खा मित्र असेल आणि ते हेल्मेट कधी, कसं, कुठे आपटलं हे शपथेवर सांगत असेल, तर तारीख बघून घ्या. अनोळखी माणसाकडून नको. दोर आणि हेल्मेट यांचा इतिहास बाहेरून दिसत नाही.

बसमधून कसं न्यायचं?

सॅकमध्ये अगदी आत, पोटात मऊ कपडे भरून. बाहेर लटकवलं तर ते प्रत्येक दाराला ठोकरत जातं. मी तर सरळ मांडीवर घेऊन बसतो, रात्री उशीला टेकण म्हणून चालतं.

कधी घालायचं आणि कधी काढायचं?

कातळाच्या सावलीत शिरलात की घाला, सावलीतून बाहेर पडलात की काढा. हार्नेस चढवल्यावर नव्हे, दोर बांधल्यावर नव्हे. बिले देणारा, फोटो काढणारा, नुसता बघायला आलेला चुलतभाऊ, सगळे. "पथ्थर!" ऐकू आलं की वर बघू नका. कातळाला चिकटा, खांदे आवळा. वर बघितलं की हेल्मेट मागे जातं आणि तोंड पुढे येतं.

चांपानेर-पावागढ २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. तेव्हा कुठल्या कातळाला हात लावायचा ते आधी विचारून, परवानगी घेऊन. हे हेल्मेटचं नाही, पण विषय निघालाच म्हणून.

घालून कुठे बघायचं?

पुण्या-मुंबईला नातेवाइकांकडे जाणं होतंच, तेव्हा गिर्यारोहण साहित्याच्या दुकानात अर्धा तास काढा आणि चार-पाच कंपन्यांची डोक्यावर घालून बघा. मागवायचंच असेल तर परत घेतात का ते आधी वाचा. किंमती सतत बदलतात म्हणून आकडा लिहीत नाही. एवढं सांगतो की दोन जातींत अडकलात तर जास्त पैसे कमी ग्रॅमसाठी न मोजता नीट बसणाऱ्या पाळण्यासाठी मोजा.

तेही जमत नसेल तर आमच्याकडे गटाची चार-पाच वेगवेगळ्या जातींची हेल्मेटं आहेत. रविवारी सकाळी ओट्यावर या, एकेक घालून बघा, चहा मिळेल. फक्त डोकं धुऊन या. तेल लावून नको.